पालिसीचे कंदील

वाचकहो, घरात लोणच्याची चिनी मातीची बरणी असेल आणि ती रिकामी असेल, तर एकदा उलटी करून पाहा. सगळ्या अंगाला तुकतुकीत झिलई, आणि बुडाची जी कड फळीला टेकते तेवढी मात्र कोरडी व खरखरीत. ही कड आम्ही लहानपणापासून पाहत आलो. बुडाखाली कोण बघतो, म्हणून कारागिराने झिलई वाचवली असेल, अशी आमची समजूत होती. ती समजूत गेल्या वर्षी तिसरीतल्या एका मुलीच्या कासवाने मोडली.

झाले असे. आम्ही शिकवतो त्या शाळेत हस्तकलेसाठी विजेची एक लहान भट्टी आहे. मुलांनी मातीची बोटभर चित्रे केली होती. शिंपले, मासे, मणी, गळ्यातली पदके. ती एकदा भाजून घ्यायची, मग झिलईचा लेप द्यायचा आणि पुन्हा भाजायची. या मुलीने आपल्या कासवाच्या पाठीला, पायांना, पोटाला, सगळीकडे अगदी मन लावून लेप दिला. आम्ही तिला शाबासकी दिली आणि कासव तसेच भट्टीच्या फळीवर ठेवले. आता, ऐन आचेत झिलई ही झिलई नसते. ती पातळ काच असते, साखरेच्या पाकासारखी. निवताना ती ज्याला टेकली असेल त्यालाच धरून बसते. कासव फळीचेच झाले. पटाशी लावून काढू गेलो तो त्याचे तीन तुकडे झाले आणि आमचे बोट कापले. मुलगी रडली. प्रशिक्षण महाविद्यालयात आम्हाला मातीकाम होते, पण ते कच्च्या मातीपुरतेच. चूक सर्वस्वी आमची होती.

त्या आठवड्याच्या सुट्टीत आम्ही नईमहून आली गावी गेलो. मोटारीने अर्धा तासही लागत नाही. दिलमुनच्या काळातील जी दफन-टेकाडे २०१९ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात गेली, त्यांच्याच शेजारी तिथल्या कुंभारांच्या भट्ट्या. धूपदाण्या, पाण्याचे रांजण, पैसे साठवायची मडकी. सगळा माल बिनझिलईचा, म्हणून भट्टीत एकावर एक, एकात एक रचलेला. माती मातीला कितीही टेकली तरी चिकटत नाही. आपल्या तेरच्या गोरोबाकाकांच्या आव्यातही हा प्रश्न कधी उद्भवला नसता. त्यांची चिंता मडके कच्चे की पक्के, एवढीच. संतांच्या डोक्यांवर त्यांनी थापटणे मारून पाहिले ते त्यासाठीच.

उत्तर शोधता शोधता एक जुना ओळखीचा माणूस पुन्हा भेटला. त्याचे नाव बेर्नार पालिसी. सॅम्युअल स्माइल्सच्या १८५९ सालच्या ‘सेल्फ हेल्प’ या पुस्तकाने त्याची गोष्ट जगभरच्या शाळांत पोचवली. घरातले टेबल जाळणारा फ्रेंच कुंभार म्हटले की पुष्कळांना आठवेल. लहानपणी आम्ही ऐकले ते एवढेच, की सरपण संपले, टेबल जाळले, झिलई वितळली, यश आले. खरी हकीकत तिथे संपत नाही. टेबल जाळल्यानंतरच त्याची मोठी अडचण सुरू झाली, आणि ती आमच्या कासवाच्याच जातीची होती.

पालिसी जन्मला १५१० च्या सुमारास, फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागात. जातिवंत कुंभार तो नव्हताच. चर्चच्या खिडक्यांच्या रंगीत काचा रंगवणे हा त्याचा धंदा. जोडीला माणसांची चित्रे काढी आणि जमिनीची मोजणी करी. लॅटिन नाही, ग्रीक नाही. गावोगाव फिरून तो सँत या गावी स्थायिक झाला, लग्न केले, मुले झाली. काचकामाला मागणी कमी होत चालली होती. १५४० च्या आसपास त्याच्या हाती झिलई दिलेला एक मातीचा पेला आला. तो पेला इतका सुरेख होता की पालिसीच्या मनातून जाईना. असे काम आपल्याला जमले तर घर चालेल, हा त्यातला व्यवहार होता. पण माती कशाशी खातात हेही त्याला माहीत नव्हते.

त्याने मडकी विकत आणून फोडली. खापरीवर वेगवेगळ्या भुकटीचे लेप लावले, कुठला कशाचा याची नोंद ठेवली आणि भाजली. काही वितळले नाही. मग तीनचारशे तुकडे त्याने दूरच्या कुंभारांच्या भट्टीत धाडले. ती आच कमी पडली. मधेच १५४३ साली राजाला मिठावरचा कर वसूल करायचा होता. त्यासाठी सँतोंज प्रांतातल्या मिठागरांची मोजणी पालिसीकडे आली आणि घरात चार पैसे आले. ते संपले तेव्हा गडी पुन्हा मातीकडे वळला. या खेपेला त्याने तुकडे काचवाल्यांच्या भट्टीत टाकले, कारण तिथली आच कडक. दोन वर्षे येरझारा चालल्या. शेवटी तीनशेहून अधिक नमुन्यांत एकच तुकडा पांढराशुभ्र, गुळगुळीत निघाला. त्या आनंदात आपला पुनर्जन्म झाला असे त्याला वाटले.

यापुढचा भाग पुस्तकांत रंगवून असतो, म्हणून आम्ही आवरून सांगतो. त्याने घरी स्वतः भट्टी बांधली, विटा पाठीवरून वाहिल्या. सातआठ महिने भांडी घडवली, महिनाभर रात्रंदिवस झिलई वाटली. मग सहा दिवस, सहा रात्री भट्टीत लाकूड घातले तरी झिलई वितळेना. सरपण संपले तेव्हा बागेतले मांडवाचे खांब घातले, नंतर टेबले, नंतर घराच्या जमिनीच्या फळ्या. गावात बोलवा झाली की हा घर जाळतो, हा खोटी नाणी पाडतो, याला वेड लागले. डोक्यावर कर्ज होते. दोन मुले दूधआईकडे होती आणि तिचे पैसे थकले होते.

झिलई मात्र साधली होती. पुढे काय झाले ते पाहा. त्याने एक कुंभार हाताशी घेतला, सहा महिन्यांनी पगाराला पैसे उरले नाहीत तेव्हा अंगावरचे कपडे देऊन त्याला निरोप दिला. जुनी भट्टी मोडून तिच्याच विटांची नवी बांधली. त्या उकरताना बोटे इतकी फाटली की चिंध्या बांधलेल्या हातांनी जेवावे लागे. माल भरला. या एका भट्टीवर १२० एक्यूंहून अधिक, म्हणजे तेवढी सोन्याची नाणी, खर्च झाली होती. घेणेकरी सकाळी दारात येऊन उभे राहणार होते, आणि तीनचारशे लिव्हर सुटतील असा त्याचा हिशेब होता.

भट्टी उघडली तर भांड्यांना हात लावता येईना. भट्टीच्या गिलाव्यात गारगोट्या होत्या. त्या आचेने तडकल्या, त्यांच्या कपच्या उडाल्या आणि ऐन वितळलेल्या झिलईवर येऊन बसल्या. काच निवली, कपच्या तिथेच राहिल्या. रंग उत्तम, चकाकी उत्तम, पण भांड्यावरून हात फिरवला तर वस्तऱ्यासारखे कापे. तरीही शेजारी स्वस्तात घ्यायला तयार होते. पालिसीने एकही विकले नाही. आपल्या नावाने असा माल बाहेर जाऊ नये म्हणून त्याने सगळी भट्टी फोडून टाकली आणि तो अंथरुणावर जाऊन पडला.

आणि घरचे? गोष्टीच्या पुस्तकांत त्याची बायको कटकटी, नवऱ्याचे मोठेपण न कळलेली अशी रंगवतात. आम्हाला हे कधी पटले नाही. भाकरी होईल एवढ्या किमतीचा माल नवरा डोळ्यांदेखत फोडतो आहे, पायाखालची जमीन आधीच जळून गेली आहे, मुले उपाशी आहेत. त्या बाईने बोलू नये तर काय करावे? तिची बाजू कोणी लिहून ठेवलेली नाही. तिच्या बोलण्याचा जो उल्लेख येतो तो नवऱ्याच्याच लेखणीतून.

पुढच्या भट्टीत गारगोट्या नव्हत्या. तेव्हा राख आली. ज्वाळेबरोबर उडालेली राख ओल्या काचेवर बसली आणि झिलई खरबरीत, वाळूच्या कागदासारखी झाली. एका अंगाने भांडे करपे, दुसऱ्या अंगाने कच्चे राही. शेजारच्याला चिकटे. भट्टीवर छप्पर नव्हते, पावसापाण्यात तो मध्यरात्री भिजून घरात येई. दहा वर्षे अशी गेली की पायाच्या पोटऱ्या राहिल्या नाहीत आणि मोजे घसरून टाचांवर येत.

मग त्याने कुंभारांकडून मातीचे पुष्कळसे कोष करवून घेतले. भांडे आत ठेवायचे, वरून बंद करायचे आणि कोषासकट भट्टीत रचायचे. आच आत जाते, राख जात नाही, शेजारचे भांडे टेकत नाही. या कोषांना त्याने नाव दिले कंदील. कंदिलाची काच वातीला वाऱ्यापासून राखते, तसा हा कोष झिलईला भट्टीपासूनच राखतो. पांढरी झिलई साधायला त्याला जेवढी वर्षे लागली, जवळजवळ तेवढीच ती भट्टीतून धड बाहेर काढायला लागली. सगळी मिळून पंधरासोळा वर्षे.

आता आमच्या कासवाकडे थोडे वळू. कोषामुळे राख टळली, पण भांडे कोषात ठेवायचे ते कशावर? अंगभर झिलई असलेल्या वस्तूला कुठे तरी टेकणे भागच आहे. जुन्या कारागिरांचा तोडगा म्हणजे तीन टोकांची मातीची तिवई. टोके पेन्सिलीसारखी निमुळती. तीनच का, तर तीन पायांची वस्तू कधी डगमगत नाही, आणि काच चिकटलीच तर टाचणीच्या डोक्याएवढ्या तीन ठिकाणी. भट्टी गार झाली की टिचकी मारून तिवई सोडवायची आणि राहिलेली टोके कुरुंदाच्या दगडाने घासायची. घासताना डोळ्यांना चष्मा हवा, कारण ती कुसळे काचेचीच असतात. एखादी जुनी बशी घरात असेल तर तिच्या पाठीवर हे तीन ठिपके सापडतील. मण्यांना तिवई चालत नाही. ते उष्णतेला टिकणाऱ्या तारेत ओवून, दोन मातीच्या खांबांमध्ये, एकमेकांना न टेकतील असे टांगतात. हजार-साडेदहाशे अंशांपर्यंत हे सगळे ठीक. बाराशेच्या वर तार वाकते आणि मातीही मऊ पडून टोकांवर बसते. लोणच्याची बरणी त्या कडक आचेची, म्हणून तिला तिवई न देता बुडाची कडच कोरडी ठेवतात. कंजुषीचा काही संबंध नाही.

आम्हाला सर्वांत चुटपूट लागली ती दुसऱ्याच गोष्टीची. पालिसीने जे जमीन जाळून शिकले ते आपल्या या आखाताच्या पलीकडे, इराणात काशान गावी, अडीचशे वर्षे आधी लिहून ठेवलेले होते. काशानच्या एका नामांकित कुंभार घराण्यातल्या अबुल कासिमने १३०१ साली फारसीत या धंद्याची माहिती लिहिली. भट्टीच्या भिंतीत भोके, भोकांत भाजलेल्या मातीच्या खुंट्या, खुंट्यांवर भांडी, आणि प्रत्येक भांडे झाकणाच्या मातीच्या डब्यात, हे सगळे त्यात आहे. इराणातल्याच कुम गावी तर मण्यांचे काम करणाऱ्यांनी टेकवण्याचा प्रश्नच मोडीत काढला. गाढवांच्या गळ्यात घालायचे निळे मणी ते एका खास भुकटीत पुरून भाजत. भुकटी वितळत नाही, पण तिच्यातला क्षार मण्याला लागून मण्यावर आपोआप झिलई येते. गार झाल्यावर भुकटी चुरून टाकली की मणी अंगभर चकचकीत, एकही डाग नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अभ्यासकांनी हे काम तिथे चालू असलेले पाहून त्याची नोंद केली. सँतच्या पालिसीला यातले काही ठाऊक असणे शक्य नव्हते. ज्यांना झाकणाचे डबे ठाऊक होते त्या युरोपातल्या कुंभारांकडे तो उमेदवारीला बसला असता तर वर्षे वाचली असती, असेही वाटते. पण काच रंगवणाऱ्या पोक्त माणसाला उमेदवार कोण करणार!

कंदील साधल्यावर मात्र त्याचे दिवस फिरले. त्याच्या परातींसारख्या थाळ्यांवर साप, सरडे, बेडूक, मासे, शिंपले असत. जिवंत प्राण्यांवरून साचे घेतल्यामुळे खवला न् खवला दिसे. यातही आच आडवी आलीच होती. सरड्याचा हिरवा करपून जाई तोवर सापाचा रंग वितळलेलाही नसे, म्हणून सगळे रंग एकाच आचेला वितळतील असे त्याला जुळवावे लागले. थाळीच्या पाठीलाही तो निळी, तपकिरी अशी चट्ट्यापट्ट्यांची झिलई देई. (या झिलया शिशाच्या. अशा थाळ्या शोभेच्या, जेवायच्या नव्हेत. शाळेत मुलांकडून काम करवून घेणाऱ्यांनी झिलईच्या डब्यावर शिसे नसल्याचे पाहूनच ती घ्यावी.)

फ्रान्सचा मोठा सरदार आन द मोंमोरांसी याने त्याला आश्रय दिला. पण पालिसी प्रॉटेस्टंट झाला होता, सँतमधल्या त्या पंथाच्या पहिल्या लोकांपैकी एक. यादवी पेटली तेव्हा १५६२-६३ च्या सुमारास त्याला पकडून बोर्दोच्या तुरुंगात टाकले. मोंमोरांसीने आणि राजमाता कॅथरीन दे मेदिची हिने त्याला सोडवले, राजाचा खास कारागीर अशी पदवी दिली, म्हणून जीव वाचला. पुढे पॅरिसला तुइलरी राजवाड्याच्या आवारात त्याने भट्ट्या उभारल्या. राजमातेसाठी मातीची नकली गुहा करण्याचे काम होते. त्या कामाच्या १५७० सालच्या हिशेबात बेर्नारबरोबर निकोला आणि मातुरँ पालिसी ही नावे आहेत. ती त्याची मुलेच, असे मानतात. उपासमारीतून वाढलेली ही मुले बापाच्याच धंद्यात उतरली, हे वाचून आम्हाला बरे वाटले.

उतारवयात हा गृहस्थ शिक्षक झाला. १५७५ पासून पॅरिसमध्ये तो निसर्गशास्त्रावर व्याख्याने देई. प्रवेशाला एक एक्यू घेई, आणि आपले सांगणे खोटे ठरवील त्याला चौपट परत देण्याची त्याची हमी होती. श्रोत्यांत अँब्रॉज पारेसारखा नामांकित शल्यवैद्य बसे. झऱ्यांचे पाणी पावसाचेच, दगडांत सापडणारे शिंपले कधीकाळी जिवंत होते, असे तो सांगे. त्या काळी हे धाडसाचे होते. १५८० साली त्याने ही व्याख्याने पुस्तकरूपाने छापली. त्यात दोन पात्रे संवाद करतात, एक शास्त्र आणि दुसरे अनुभव. सगळी उत्तरे अनुभवाकडे. आम्ही प्रशिक्षण घेत असताना शास्त्राचे पेपर भिंतीएवढे आणि प्रत्यक्ष पाठ बोटांवर मोजण्याइतके होते. ते पाहून पालिसी नक्की हसला असता.

याच पुस्तकात त्याने आपल्या भट्टीची सगळी फजिती लिहिली. गारगोट्या, राख, कंदील, काही लपवले नाही. फक्त एक लपवले. शास्त्र हे पात्र झिलईची कृती मागते तेव्हा अनुभव हे पात्र कथील, शिसे, लोखंड, तांबे, सुरमा, वाळू अशी नावे मोजून दाखवते आणि प्रमाण सांगत नाही. शिक्षक म्हणून आम्हाला हे खटकते. पोटावर मारून मिळवलेली गोष्ट त्याने फुकट का द्यावी, असेही लगेच वाटते. परिणाम मात्र असा झाला की त्याच्या धर्तीचे काम तूर शहरच्या शार्ल आव्हिसो या कुंभाराला १८४३ च्या सुमारास पुन्हा साधले, तेही अनेक वर्षे भट्ट्या फुकट घालवून.

१५८८ साली धर्मासाठी पालिसीला पुन्हा कैद झाली. या वेळी त्याला सोडवायला कोणी उरले नव्हते. पंथ सोडला असता तर सुटका होती, तो त्याने सोडला नाही. १५९० च्या सुमारास, ऐंशीच्या घरात, बॅस्टिलच्या तुरुंगात थंडी, भूक आणि हाल यांनी त्याचा अंत झाला. तुइलरीची ती जागा विस्मरणात गेली. १८६५ साली तिथे खोदकाम करणाऱ्यांना त्याची भट्टी आणि साचे लागले, आणि लूव्ह्रच्या विस्ताराच्या वेळी, १९८० च्या दशकात, हजारो तुकडे निघाले.

आमच्या शाळेने आता चार तिवया आणि मण्यांसाठी एक तारेची चौकट आणली आहे. त्या मुलीने दुसरे कासव केले, आधीच्यापेक्षा मोठे, आणि पोटाला पुन्हा तितकीच जाड झिलई दिली. या वेळी ते सुटे निघाले. घासूनही तीन ठिपके राहिले आहेत. घरी कोणी पाहुणा आला की ती कासव उलटे करून आधी तेच दाखवते, असे तिची आजी सांगत होती.